पर्यायी अन्नाची पारख

शेंगदाण्याचे कूट, दूध आणि कणीक यांच्यावाचून महाराष्ट्रातील बहुतेक घरांचा स्वयंपाक एक दिवसही पुरा होत नाही. त्यामुळे यांपैकी एखाद्या पदार्थाची ॲलर्जी असल्याचे निदान झाले की आता खायचे काय, हा प्रश्न साऱ्या घरापुढे उभा राहतो. त्याचे उत्तर बहुधा त्याच स्वयंपाकघरात मिळते. मात्र चवीला किंवा नावाला जवळचा असलेला पदार्थ शरीरालाही सोसेल, असे गृहीत धरणे धोक्याचे असते. पर्याय निवडताना त्यात कोणते प्रथिन आहे, वगळलेल्या पदार्थाचे पोषण तो भरून काढतो का आणि ताटात येईपर्यंत त्यात दुसरे काही मिसळले आहे का, या तिन्ही गोष्टी पारखून घ्याव्या लागतात.

अन्नाच्या ॲलर्जीत शरीराची प्रतिकारयंत्रणा अन्नातील एखाद्या निरुपद्रवी प्रथिनाला घातक समजते आणि त्याच्याविरुद्ध ‘आयजीई’ नावाची प्रतिपिंडे, म्हणजे ते प्रथिन ओळखून धरणारी रेणुरूप हत्यारे, तयार ठेवते. ते प्रथिन पुन्हा पोटात गेले की काही मिनिटांत ते दोनएक तासांत हिस्टामिनसारखी रसायने शरीरात सुटतात आणि अंगावर पित्ताच्या गांधी उठणे, ओठ सुजणे, उलट्या होणे, धाप लागणे अशी लक्षणे दिसतात. श्वास कोंडून रक्तदाब कोसळण्यापर्यंत पोहोचणाऱ्या तीव्र अवस्थेला ॲनाफायलॅक्सिस म्हणतात; तीत मांडीच्या स्नायूत तातडीने दिलेले ॲड्रिनलिनचे इंजेक्शन हाच पहिला उपचार असतो. दुधातील साखर पचवणारे विकर कमी पडल्याने पोट फुगते, तो प्रकार यापेक्षा वेगळा आहे. गहू, सातू आणि राय यांतील ग्लुटेनमुळे आतड्याचे अस्तर झिजवणारा सीलिअ‍ॅक हा आजारही प्रतिकारयंत्रणेशी निगडित असला, तरी त्याची वाट निराळी असते. या तिन्हींत वर्ज्य काय आणि किती, हे वेगवेगळे असल्यामुळे डॉक्टरांकडून नेमके निदान करून घेणे ही पर्याय शोधण्याची पहिली पायरी ठरते.

शेंगदाण्याचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. भरली वांगी, कोशिंबीर, अळूचे फदफदे, साबुदाण्याची खिचडी अशा असंख्य पदार्थांत तो कधी दिसतो, तर कधी कुटाच्या रूपाने लपलेला असतो. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने शेंगदाणा कडधान्यांच्या कुळातला आहे. या कुळातील सर्वच डाळी वर्ज्य कराव्या लागत नसल्या, तरी काही रुग्णांना एखाद्या डाळीचाही त्रास होतो, म्हणून कुटाऐवजी भाजलेल्या डाळ्याची पूड वापरण्यापूर्वी वैद्यकीय सल्ला घेणे शहाणपणाचे असते. तीळ हा सोपा पर्याय वाटतो, पण तो स्वतःच ॲलर्जी निर्माण करणारा पदार्थ आहे. त्या मानाने ओले खोबरे, जवस, कारळे किंवा भोपळ्याच्या बिया यांचा विचार करता येतो, अर्थात त्या त्या रुग्णाला त्या सोसतात याची खात्री झाल्यावरच. तेलाच्या बाबतीतला भेद तर अनेकांच्या ध्यानातच येत नाही: पूर्ण शुद्धीकरण केलेल्या शेंगदाणा तेलात प्रथिन जवळजवळ उरत नाही, परंतु आरोग्यदायी म्हणून हल्ली आवडीने घेतल्या जाणाऱ्या लाकडी घाण्याच्या तेलात ते राहते आणि अशा रुग्णासाठी तेच तेल अपायकारक ठरू शकते.

दुधाच्या बाबतीत गल्लत आणखी सहज होते. गाईचे दूध सोसत नसेल तर म्हशीचे किंवा शेळीचे द्यावे, असा सल्ला घरोघरी मिळतो; परंतु या तिन्ही दुधांतील केसीनसारखी प्रथिने एकमेकांशी इतकी मिळतीजुळती असतात की गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या बहुतेकांना उरलेल्या दोन्हींचाही त्रास होतो. तुपातही प्रथिनाचा अंश राहू शकतो. नारळाचे दूध सोलकढीपासून खिरीपर्यंत चवीची गरज उत्तम भागवते, पण त्यात प्रथिन आणि कॅल्शियम दोन्ही कमी असल्याने वाढत्या मुलाच्या आहारात ते दुधाची जागा घेऊ शकत नाही. तेथे नाचणी उपयोगी पडते, कारण तिच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तिला डाळींची जोड दिली की प्रथिनांची उणीवही बरीचशी भरून निघते. तान्ह्या बाळाला मात्र घरगुती पर्याय न देता बालरोगतज्ज्ञाने सुचवलेलेच दूध द्यावे.

गव्हाला पर्याय शोधणे महाराष्ट्रात तुलनेने सोपे आहे, कारण ज्वारी, बाजरी, नाचणी आणि तांदूळ यांची भाकरी हे येथील मूळचेच अन्न आहे, आणि वरई, राजगिरा, साबुदाणा हे उपवासाचे पदार्थही ग्लुटेनमुक्त असतात. येथे अडचण धान्याची नसून त्याच्या वाटेची असते. गहू दळल्यावर त्याच गिरणीत दळलेल्या ज्वारीत कणीक मिसळते, बांधणी हिंगात पुष्कळदा मैदा असतो आणि थालीपिठाच्या भाजणीतही गहू घातला जातो. म्हणून धान्य घरच्या लहान घरघंटीवर वेगळे दळणे, तळणीचे तेल व पोळपाट वेगळे ठेवणे ही खबरदारी पर्यायाच्या निवडीइतकीच महत्त्वाची असते.

बाजारातील पाकिटबंद पदार्थांबाबत २०२० सालच्या लेबलविषयक नियमांनुसार ग्लुटेनयुक्त धान्ये, दूध, अंडी, मासे, कवचधारी जलचर, शेंगदाणा, कठीण कवचाची फळे आणि सोयाबीन यांचा उल्लेख करणे भारतात बंधनकारक आहे. या यादीत तिळाचा समावेश नाही, त्यामुळे तिळाची ॲलर्जी असणाऱ्याने घटकांची संपूर्ण यादी वाचली पाहिजे. सुटे फरसाण, चिवडा, मिठाई आणि चटण्या यांना असे लेबलच नसते. तेथे विचारून खात्री पटत नसेल, तर तो पदार्थ न घेणे हाच सुरक्षित मार्ग उरतो.

इतकी काळजी एकटा रुग्ण वाहू शकत नाही. लग्नाच्या पंगतीत ‘एक घास तरी घ्या’ हा आग्रह प्रेमाचाच असतो. पण ज्याला तो एक घास जिवावर बेतू शकतो, त्याच्यासाठी खरे आदरातिथ्य पदार्थात काय काय घातले आहे हे मोकळेपणाने सांगण्यात असते. शाळेत डबा वाटून खाणाऱ्या मुलांना, आचाऱ्यांना आणि प्रसाद वाटणाऱ्यांना एवढी जाणीव आली, तर ॲलर्जी असलेल्या माणसाला सर्वांबरोबर निर्धास्तपणे जेवता येईल, आणि हा त्याचा साधा हक्क आहे.