प्लॉटचा इसार देण्यापूर्वी कागद तपासा



आपल्या समाजातील पुष्कळ कुटुंबे भुसावळ लाइनने खानदेशातून कामधंद्यासाठी आली आणि चलथाण-कडोदरा भागात स्थिरावली. भाड्याच्या खोलीतून स्वतःच्या घरात जायचे म्हणून पीएफ, भिशी, थोडे सोने आणि गावाकडच्या शेतातील वाट्याचे पैसे एकत्र करून प्लॉट घेतला जातो. ही आयुष्यभराची पुंजी असते. ती चुकीच्या कागदावर गेली तर परत मिळवणे फार कठीण होते.

बँकेत कर्जाचे कागद तपासताना आम्ही एक नियम धरून चालत असू : माणूस स्वतःकडे जेवढा हक्क आहे तेवढाच विकू शकतो. तेव्हा भाव ठरवण्याआधी विकणाऱ्याकडे नेमके काय आहे ते पाहावे.

कशाने मालकी मिळत नाही

स्टॅम्प पेपरवर नोटरी केलेले लिखाण, कब्जा पावती, पंचायतीची घरवेरा पावती, आपल्या नावाचे लाइटबिल यांपैकी कशानेही जमीन आपली होत नाही. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या जमिनीची विक्री नोंदणीकृत दस्तावेजानेच होते, असे १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा सांगतो. साटाखत हा फक्त पुढे विक्री करण्याचा करार आहे. मुखत्यारपत्रावर झालेल्या व्यवहाराने मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केले आहे.

सात-बारा कसा पाहावा

गुजरात सरकारच्या 'एनीआरओआर' या संकेतस्थळावर गाव आणि सर्व्हे किंवा ब्लॉक नंबर टाकून सात-बारा, आठ-अ आणि नमुना सहामधील फेरफार नोंदी पाहता येतात. कागद गुजरातीत असतात. गुजराती माध्यमात शिकलेल्या मुलांना सोबत बसवावे. कब्जेदाराचे नाव आणि क्षेत्र तर पाहावेच, पण 'बीजा हक्क' हा भाग शब्दन् शब्द वाचावा. तिथे पुढील शब्द दिसले तर थांबावे :

– नवी शरत किंवा गणोतधारा कलम ४३ : कलेक्टरची परवानगी घेतल्याशिवाय आणि सरकारी प्रीमियम भरल्याशिवाय विक्री होत नाही.
– ७३ एए : आदिवासी खातेदाराची जमीन. ती कलेक्टरच्या परवानगीशिवाय घेता येत नाही. सुरत जिल्ह्यात अशा जमिनी भरपूर आहेत.
– बँक किंवा सहकारी मंडळीचा बोजा, कोर्टाचा मनाईहुकूम.

सात-बारा स्वच्छ असला तरी तेवढ्यावर भागत नाही. ती नोंद मुख्यतः महसुलासाठी असते. मालकी सिद्ध होते ती दस्तावेजांच्या अखंड साखळीने.

बिनखेती आहे का?

सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. शेतात चुन्याच्या रेघा मारून प्लॉट विकले जातात आणि 'एनए होऊन जाईल' असे सांगितले जाते. गुजरातमध्ये शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. धुळे, जळगाव किंवा नंदुरबारला आपल्या नावाचा सात-बारा आहे, म्हणून इथेही चालेल असे गृहीत धरू नये. इथे गुजरातमधील खातेदार असल्याचा पुरावा मागतात. म्हणून कलम ६५ खालील बिनखेती हुकूम आणि मंजूर नकाशा मागून घ्यावा. आपला प्लॉट नंबर त्या नकाशात असावा, रस्त्यात किंवा कॉमन प्लॉटमध्ये नसावा. योजना ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी किंवा आठपेक्षा जास्त प्लॉटची असेल, तर सहसा गुजरेरा नोंदणी लागते. तो नंबर संकेतस्थळावर जुळवून पाहावा.

वारस आणि बोजा

वडिलोपार्जित जमीन असेल तर पेढीनामा मागावा आणि सर्व वारसांच्या सह्या घ्याव्यात. बहिणींना विसरू नये. २००५ च्या दुरुस्तीने मुलींना मुलांइतकाच हक्क आहे. 'त्यांनी तोंडी सोडून दिला' हे पुरेसे नाही.

कर्जाचा बोजा प्रत्येक वेळी सात-बारावर दिसतोच असे नाही. बँका मूळ दस्तावेज ठेवून घेऊन कर्ज देतात. विकणारा फक्त झेरॉक्स दाखवत असेल तर 'मूळ कुठे आहे?' हा पहिला प्रश्न. 'सरसाई' या केंद्रीय नोंदवहीत अशा तारणांचा शोध घेता येतो. सब-रजिस्ट्रारकडील इंडेक्स-२ वरून मागील तीस वर्षांचा सर्च वकिलाकडून करून घ्यावा. वकील आपण नेमलेला असावा, दलालाने आणलेला नसावा. त्याच्या सल्ल्याने वर्तमानपत्रात जाहीर नोटीसही द्यावी.

जागा मोजा, मग पैसे द्या

आपल्याकडे भाव वारावर बोलला जातो, कागदात चौरस मीटर असतात. ६० वार म्हणजे सुमारे ५० चौरस मीटर, म्हणजेच ५४० चौरस फूट. बोललेल्या वारात रस्त्याचा वाटा धरला आहे का, ते विचारावे. टेप लावून नकाशाशी मेळ घालावा आणि शेजारच्या प्लॉटवाल्याशी बोलावे. पैसे चेकने किंवा बँकेमार्फतच द्यावेत.

दस्तावेजावर स्टॅम्प ड्यूटी ४.९ टक्के आणि नोंदणी फी १ टक्का लागते; खरेदीदार फक्त महिला असतील तर नोंदणी फी माफ आहे. दस्तावेज झाला की काम संपले असे नाही. ई-धरा केंद्रात नोंद पडते, १३५-डी ची नोटीस निघते आणि हरकतीसाठी ३० दिवस असतात. नोंद मंजूर झाल्याची नक्कल हातात येईपर्यंत पाठपुरावा करावा.

कागदाच्या नकला मागितल्यावर 'विश्वास नाही का?' असे विचारणारा ओळखीचा असो, गाववाला असो की नात्यातला, त्याला नम्रपणे सांगावे की विश्वास आहे, पण वकिलाने पाहिल्यावरच इसार देऊ. त्यावर तो नकला द्यायला तयार नसेल, तर तो प्लॉट सोडून द्यावा.