कोयनेचं पाणी कुणीकडे जातं?

मागच्या बैठकीत हप्ते भरून झाले आणि ताकारीच्या पाण्याचा विषय निघाला. एक ताई म्हणाल्या, "कोयना भरलीय म्हणतात, मग उन्हाळ्यात आपल्या पाटाला पाणी यायला एवढा उशीर का?" आम्हालाही नीट सांगता येईना. म्हणून माहिती काढली.

कोयना महाबळेश्वरला उगम पावते आणि कराडला कृष्णेला मिळते. म्हणजे तिची वाट आपल्याकडची. पण वीज करायची तर पाणी उंचावरून पडायला हवं, आणि उंच कडा आहे तो कोकणच्या बाजूला. म्हणून पाटण तालुक्यात १०३ मीटर उंचीचं धरण बांधून नदी अडवली आणि शिवसागर जलाशयाचं पाणी डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला पोफळीकडे वळवलं. साडेचारशे मीटरहून जास्त उंचीवरून येणाऱ्या पाण्याच्या जोरावर टर्बाइनची चाकं फिरतात. तेच पाणी पुढे कोळकेवाडीला पुन्हा एकदा वीज देतं. मग वाशिष्ठीतून समुद्राला. गेलेलं पाणी परत घाट चढत नाही.

आपल्यासाठी सोडतात ते पाणी धरणाच्या पायथ्याच्या छोट्या वीजगृहातून येतं. तिथून सेकंदाला २१०० घनफूट, म्हणजे २१०० क्युसेक पाणी निघतं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण दोन हंडे, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. या वीजगृहाची ताकद ४० मेगावॉट, तर सगळा प्रकल्प मिळून १९०० मेगावॉटच्या वर. म्हणजे वीजवाले पश्चिमेला पाणी का मागतात ते कळलं ना?

धरणात १०५ टीएमसी पाणी मावतं. त्यातलं वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसी पश्चिमेला वीजनिर्मितीसाठी वापरायचं, ही मर्यादा कृष्णा पाणी तंटा लवादाने घालून दिली. वर्ष मोजतात जून ते मे. पाऊस कमी झाला की उन्हाळ्यात विजेची मागणी आणि टेंभू, ताकारी, म्हैसाळची मागणी एकाच वेळी येते, आणि ओढाताण तिथेच होते.

धरणालाही सोसावं लागलंय. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे भूकंप झाला, शंभराहून जास्त माणसं गेली, धरणाला तडे पडले. नंतर मागच्या बाजूने काँक्रीटचा आधार दिला. आणि जलाशयाखाली गेलेल्या गावांची माणसं? आमच्याच गटातल्या एका काकूंचं माहेर तिथलं. त्या वीजबिल भरायला गेल्या की म्हणतात, "आमच्या घरावरून आलेली वीज आहे ही." हसत म्हणतात, पण आम्हाला हसू येत नाही.

तर पाटाच्या पाण्याचं आवर्तन कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरतं. आपल्या भागाची बैठक कधी आहे ते शाखा कार्यालयात विचारता येतं. दोघी-तिघींनी मिळून जा. जाताना आपल्या गटातल्या किती जणींचं शेत पाटाखाली आहे ते लिहून न्या. आम्ही आमची यादी गुरुवारी करतोय.