भरतीचा जोर आणि एकवीस किलोमीटर

नंदुरबारात पहाटे मैदानावर जी पोरं पळताना दिसतात, त्यातली बहुतेक भरतीची. पोलीस भरतीत मुलांना 1,600 मीटर, मुलींना 800. सारा खेळ सेकंदांचा. त्यामुळे पळणं म्हणजे जोर लावणं, हे डोक्यात पक्कं बसलेलं. भरती झाली किंवा वय निघून गेलं की यातलेच काही जण हाफ मॅरेथॉनकडे वळतात आणि तयारीही तशीच करतात: रोज छाती फुटेस्तोवर पळायचं. लांब पल्ल्याबद्दलचे निम्मे गैरसमज या एका सवयीतून निघालेत.

प्रकाशा रस्त्यावर माझ्यासोबत येणारा एक जण पहिले चार किलोमीटर मला मागे टाकून जायचा. सहाव्याला एखाद्या बाभळीखाली, गुडघ्यांवर हात ठेवून वाकलेला सापडायचा. दम कमी नव्हता त्याचा, वेग जास्त होता. 1,600 मीटर पाच-सहा मिनिटांत संपतात, 21.1 किलोमीटरला हौशी माणसाचे दोन-अडीच तास जातात. वेगात पळालं की स्नायूंत साठलेली साखर भराभर जळते आणि साठा बेताचाच असतो. सावकाश पळण्यात चरबीचा वाटा वाढतो, स्नायूंत बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं दाट होतं, आणि स्नायूंपेक्षा सावकाश तयार होणाऱ्या कंडरांना, सांध्यांना सवड मिळते. म्हणून अव्वल धावपटूसुद्धा साधारण 80 टक्के सराव सोप्या वेगात करतात. सोपा म्हणजे किती? शेजारच्याशी पूर्ण वाक्यं बोलता आली पाहिजेत. नुसतं ‘हं, हं’ निघत असेल तर वेग उतरवा. दूधवाल्याची सायकल पुढे निघून जाईल, जाऊ द्या.

‘स्पर्धेआधी एकदा पूर्ण अंतर पळून बघायचंच’ हाही असाच हट्ट. हाफसाठी आठवड्यातून एक लांब धाव, तीही हळूहळू 16-18 किलोमीटरपर्यंत नेलेली, पुरते. 42.195 किलोमीटरच्या पूर्ण मॅरेथॉनलाही बहुतेक जण 30-32 वर थांबतात. त्यापुढे फायद्यापेक्षा थकवाच जास्त साठतो.

तोरणमाळला महिनाभर राहिलं की फुप्फुसं केनियावाल्यांसारखी होतात, असं शहाद्यात मला एकाने छातीठोकपणे सांगितलं होतं. तोरणमाळ सुमारे 1,150 मीटरवर. विरळ हवेमुळे तांबड्या पेशी वाढायच्या तर साधारण 2,000 मीटरच्या वर काही आठवडे राहावं लागतं. केनियातलं इटेन 2,400 मीटरच्या आसपास आहे. तोरणमाळचा खरा उपयोग घाटाचा. चढ पायांत ताकद आणतो. उतार मात्र सांभाळून, कारण मांड्या उतारावर जास्त दुखावतात. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना जी कळ येते ती ‘लॅक्टिक ॲसिड साचल्याची’ नव्हे. ते तासाभरात निघून जातं. कळ असते स्नायूंच्या सूक्ष्म इजेची.

‘आदिवासी पोरांच्या रक्तातच पळणं असतं’ हे कौतुक ऐकायला गोड, पण त्यात कष्टच गायब होतात. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरमध्ये कांस्य मिळवलं, ते नाशिकला वर्षानुवर्षं सराव करून.

रक्तात एक गोष्ट मात्र खरोखर तपासण्यासारखी आहे: सिकलसेल. आपल्या जिल्ह्यातल्या भिल्ल, पावरा समाजांत हा आजार आढळतो. इथे दोन टोकांचे गैरसमज आहेत. एक, वाहकाने, म्हणजे ज्याच्या रक्तात दोष आहे पण आजार नाही अशाने, पळायचंच नाही. दुसरा, वाहकाला काहीच होत नाही. अमेरिकी लष्करातल्या सुमारे 48,000 कृष्णवर्णीय सैनिकांच्या 2016 मधल्या अभ्यासात वाहकांचे मृत्यू इतरांपेक्षा जास्त आढळले नाहीत. पण अतिश्रमाने स्नायू विरघळण्याचा धोका 54 टक्क्यांनी जास्त दिसला. म्हणजे वाहकाने पळावं, पण सराव हळूहळू वाढवत, उन्हं टाळून, मध्ये थांबत. पळताना पायांत अचानक अशक्तपणा आला तर ‘जिद्द’ दाखवायची नाही, बसायचं. प्रत्यक्ष सिकलसेलच्या रुग्णाची गोष्ट वेगळी. त्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय मैदानात उतरू नये. तपासणी आधी करून घ्या, बूट नंतर घ्या.

पाण्याचंही तसंच. एप्रिल-मेमध्ये पारा 42-43 वर जातो, म्हणून लोक तहान नसतानाही बाटल्या रिचवतात. 2002 च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या 488 धावपटूंपैकी 13 टक्क्यांच्या रक्तातलं सोडियम प्रमाणापेक्षा उतरलेलं निघालं. मुख्य कारण, पळताना जास्त पिणं. तहानेप्रमाणे प्या. उन्हाची सवय व्हायला शरीराला दहा-चौदा दिवस लागतात, ते पाण्याने भरून निघत नाहीत.

राहिले गुडघे. ‘झिजतील रे’ हे आमच्या आईचं पालुपद. 2017 च्या एका मोठ्या आढाव्यात गुडघ्या-खुब्याची झीज हौशी धावपटूंत 3.5 टक्के निघाली, बैठ्या लोकांत 10.2 आणि स्पर्धात्मक धावपटूंत 13.3. हे तिला वाचून दाखवलं. तिने भाकरी उलटली आणि विचारलं, “तू दिवसभर ऑफिसात बसूनच असतोस ना?”