विश्लेषण : परक्या देशातल्या चर्चमध्ये ‘आपले’ काय उरते? पंडिता रमाबाईंचा वाद आणि चांद्याचा धागा

शिक्षण किंवा नोकरीसाठी युरोप-अमेरिकेत गेलेल्या मराठी ख्रिस्ती तरुणाचा हिवाळ्यातला पहिला रविवार ओळखीचा असतो. बाहेर बर्फ, आत हीटर. शेजारच्या बाकावर नायजेरियाचे कुटुंब, मागे फिलिपिन्सची नर्स आणि गीताची चाल अनोळखी. प्रार्थना तीच, पण ती आपली वाटते का? सुमारे 140 वर्षांपूर्वी एका मराठी बाईने इंग्लंडमध्ये राहून हाच प्रश्न तिथल्या धर्मगुरूंपुढे ठेवला होता. त्याचा एक धागा थेट चंद्रपूरपर्यंत येतो.

चांद्याचा संबंध कुठे?

चंद्रपूर म्हणजे तेव्हाचे चांदा. गडचिरोलीही 1982 पर्यंत याच जिल्ह्यात होते. 1870च्या दशकात स्कॉटिश एपिस्कोपल चर्चने येथे मिशन चालवायला घेतले. हिवाळ्यात दुपारी चारलाच अंधारून येणाऱ्या देशातले पाद्री, मे महिन्यात पारा 45च्या पुढे जाणाऱ्या गावात! मात्र सुरुवातीच्या काळात इथे काम करणाऱ्यांत एक चित्पावन पंडितही होते. ते म्हणजे फादर नेहेम्या गोरे, मूळचे नीळकंठशास्त्री.

काशीत वाढलेल्या गोरेंनी 1848 मध्ये बाप्तिस्मा घेतला. पुढे 1854 मध्ये महाराजा दुलीपसिंग यांच्यासोबत ते इंग्लंडला गेले. तिथे ख्रिस्ती देश प्रत्यक्ष पाहून त्यांचा विश्वास वाढायला हवा होता. झाले उलटेच. लंडनचे जगणे पाहून ते इतके अस्वस्थ झाले की, मायदेशी परतावेसे वाटू लागले, अशी आठवण मॅक्स म्युलर यांनी लिहून ठेवली आहे.

रमाबाईंवर गोरेंचा प्रभाव काय?

‘स्त्रीधर्मनीती’च्या पैशातून तिकीट काढून रमाबाई 1883 मध्ये लहानग्या मनोरमेसह इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील सेंट मेरी संघाच्या भगिनींकडे त्या राहिल्या आणि 29 सप्टेंबर 1883 रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. गोरेंच्या पत्रांचा या निर्णयात मोठा वाटा होता, हे त्यांनी स्वतःच पुढे सांगितले. एका माजी शास्त्र्याने दुसऱ्या पंडितेला पटवले, तेही हजारो मैलांवरून.

मग वाद कशावरून?

बाप्तिस्मा घेतला म्हणजे सगळेच स्वीकारले, असे भगिनींना वाटत होते. रमाबाईंना ते मान्य नव्हते. त्यांनी मांस-मासे खायला नकार दिला. भगिनी जेराल्डिन यांना त्यात जातीचा अभिमान दिसला. क्रूसावरची अक्षरे लॅटिनमध्ये कशाला, संस्कृतमध्ये का नको, असे रमाबाईंनी विचारले. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या संस्कृत शिकवत असताना पुरुषांना शिकवण्याचा प्रश्न निघाला, तेव्हा भारतातल्या बिशपांनी हरकत घेतली. त्यावर रमाबाईंचे उत्तर स्पष्ट होते : आपण ख्रिस्ताच्या मंडळीत आलो आहोत, पण पाद्री किंवा बिशपचा प्रत्येक शब्द मानायला बांधील नाही. लेकीला कोणते धर्मशिक्षण द्यायचे, यावरही खटके उडाले.

एक गोष्ट सहज निसटते. रमाबाईंना ऐकू कमी येत असे आणि त्यामुळेच डॉक्टर होण्याचा बेत त्यांना सोडावा लागला. चर्चमधले प्रवचन त्यांच्यापर्यंत किती पोहोचत असेल, कोण जाणे. भांडण मात्र त्यांनी पत्रांतून लेखी केले, म्हणून ते आज वाचता येते. ही पत्रे 1977 मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केली.

मग नाते तुटले का?

नाही. ज्यांच्याशी एवढा वाद घातला, त्या जेराल्डिनना रमाबाई पत्रात ‘आजीबाई’ म्हणत. फेब्रुवारी 1886 मध्ये, ऐन हिवाळ्यात, त्या आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी अमेरिकेकडे निघाल्या आणि 1888च्या अखेरीपर्यंत तिथेच राहिल्या.

लॅटिनचा मुद्दाही त्यांनी सोडला नाही. पुढे केडगावला त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल मूळ भाषांतून साध्या मराठीत आणायला घेतले. एप्रिल 1922 मध्ये त्यांचे निधन झाले. संपूर्ण मराठी बायबल 1924 मध्ये छापून बाहेर आले.