रानडे वाड्यातली शाखा

मुंबईच्या सेवासदनाची पुणे शाखा २ ऑक्टोबर १९०९ रोजी रानडे वाड्यात सुरू झाली. त्या तारखेला तेव्हा काही अर्थ चिकटलेला नव्हता. गांधी त्या दिवशी लंडनमध्ये होते आणि ‘हिंद स्वराज’ लिहून व्हायचं होतं. शाखेचं नाव मुंबईचं, कल्पनाही मुंबईची. बेहरामजी मलबारी हे पारशी संपादक आणि दयाराम गिदुमल हे सिंधी न्यायाधीश. या दोघांनी १९०८ मध्ये मुंबईत सेवासदन काढलं. सर्व धर्मांच्या स्त्रियांनी एकत्र येऊन रुग्णसेवा, शिक्षण आणि निराधारांची देखभाल करावी, असा त्यांचा विचार होता. अध्यक्षपदासाठी त्यांनी रमाबाई रानड्यांना गाठलं.

मुंबईचं सेवासदन आजही गावदेवीला आहे. पण महाराष्ट्रात ‘सेवासदन’ म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे पुणं येतं. शाखा म्हणून निघालेली ही संस्था काही वर्षांतच स्वतंत्र झाली आणि तिचं नाव मूळ संस्थेपेक्षा मोठं झालं. याचं श्रेय रमाबाईंच्या थोरवीला देऊन मोकळं होणं सोपं आहे, जयंतीच्या भाषणांत तेच होतं. माझ्या मते खरं कारण शाखेच्या कामाच्या पद्धतीत आहे, आणि त्या पद्धतीची किंमतही शाखेने मोजली.

रमाबाई मूळच्या देवराष्ट्र्याच्या, कुर्लेकरांच्या. जन्म १८६२ चा. १८७३ मध्ये, अकराव्या वर्षी, त्यांचं लग्न महादेव गोविंद रानड्यांशी झालं. नवरा एकतीस वर्षांचा, पहिली बायको नुकतीच गेलेली, आणि विधवाविवाहाचा जाहीर पुरस्कर्ता. त्याने विधवेशी लग्न करावं अशी सुधारकांची अपेक्षा होती, वडिलांच्या हट्टापुढे ते जमलं नाही. या तडजोडीबद्दल रानड्यांवर भरपूर टीका झाली आणि ती गैर नव्हती. नवऱ्याने मात्र लग्न होताच बायकोला शिकवायला घेतलं. घरात सासू-नणंदांच्या पिढीतल्या बायका, त्यांना हे पसंत नव्हतं. पुस्तक हातात धरणारी सून म्हणजे घरात शिरलेलं अरिष्टच. १८८४ मध्ये हिराबागेत गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसनांसमोर मुलींच्या हायस्कुलाची मागणी करणारा इंग्रजी मजकूर रमाबाईंनी वाचला, तेव्हा घरी परतल्यावर काय ऐकावं लागलं हे त्यांनीच ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’मध्ये लिहून ठेवलं आहे. स्त्रीशिक्षणाला विरोध वर्तमानपत्रांतून होतो तसा स्वयंपाकघरातूनही होतो, आणि दुसरा जास्त चिवट असतो, हे त्या वीस-बावीस वर्षांच्या असतानाच शिकल्या. पुढे सेवासदनाची घडी बसवताना त्या एक डोळा कायम स्वयंपाकघराकडे ठेवून असत, तो यामुळेच.

रानडे १९०१ मध्ये गेले. रमाबाई मुंबई सोडून पुण्याच्या वाड्यात येऊन राहिल्या. १९०४ मध्ये मुंबईत भरलेल्या भारत महिला परिषदेचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. वाड्याचं दार सार्वजनिक कामाला उघडलं ते मात्र १९०९ मध्ये, आणि त्यात गोपाळ कृष्ण देवधरांचा वाटा मोठा होता. देवधर हे गोखल्यांच्या भारत सेवक समाजाचे. वर्गण्या गोळा करणं, अहवाल छापणं, अनुदानासाठी सरकारकडे खेटे घालणं ही रोजची खटपट करणारा असा माणूस नसेल तर वाड्यातला वर्ग वाड्यातच संपतो. स्त्रियांच्या संस्थेचा कारभार पुरुषाने हाकावा का, असा प्रश्न आज कुणी विचारील, आणि तो रास्तही आहे. पण अध्यक्षीण नामधारी आणि चिटणीस सर्वेसर्वा असा प्रकार तिथे नव्हता. पुण्यातल्या घराघरांतून बायकांना बाहेर काढण्याचं काम देवधरांच्या आवाक्यातलं नव्हतंच. त्यासाठी रमाबाईंनाच हळदीकुंकवाला जावं लागे.

१९११ च्या जनगणनेत हिंदुस्थानातल्या शंभर बायकांपैकी जेमतेम एक साक्षर होती. पुण्यात हुजूरपागा १८८४ पासून चालू होती, पण ती मुलींची शाळा. मुलगी दहा-अकरा वर्षांची झाली की लग्न, आणि लग्न झालं की दप्तर संपलं. त्या मुलीला विसाव्या वर्षी पुन्हा शिकावंसं वाटलं, किंवा नवरा वारल्यावर शिकणं भाग पडलं, तर तिने कुठे जावं? कर्व्यांचा आश्रम होता, पण तो गावाबाहेर हिंगण्याला, आणि तिथे जायचं म्हणजे घर सोडायचं. सेवासदन पेठांच्या मधोमध होतं. दुपारची झाकपाक उरकून यावं, दिवेलागणीच्या आत घरी परतावं. हुजूरपागेची अकरा ते पाच ही वेळ घरकामाच्या आड येते, अशी टीका टिळकपक्षाच्या पत्रांनी पंचवीस वर्षांपूर्वी केली होती. सेवासदनाने त्या टीकेशी वाद घातला नाही, वेळच अशी धरली की टीकेला जागा उरू नये. वाचन-लेखन, हिशेब, शिवण-भरतकाम, प्रथमोपचार, गाणं, असे वर्ग एकामागून एक निघाले. पुढे प्राथमिक शिक्षिकांचं ट्रेनिंग कॉलेज आलं, कारण शिक्षिका नाही म्हणून मुलींची शाळा नाही आणि शाळा नाही म्हणून शिक्षिका नाही, ही गाठ कुठून तरी सोडवायला हवी होती.

शिवणाचे वर्ग कुणाला फारसे खुपले नाहीत. खरी परीक्षा नर्सिंगची होती. इस्पितळात परिचारिका म्हणून काम करणाऱ्या बहुतेक बायका त्या काळी युरोपियन, अँग्लो-इंडियन किंवा देशी ख्रिस्ती असत. ब्राह्मण विधवेने परक्या पुरुषाचं अंग पुसायचं, मलमूत्राची भांडी उचलायची, कुठल्याही जातीच्या रोग्याला हात लावायचा आणि रात्रपाळीला घराबाहेर राहायचं, यातली एकेक गोष्ट तिच्या माहेर-सासरला तोंड लपवायला लावणारी होती. १८९७ च्या प्लेगमध्ये घरात शिरणाऱ्या गोऱ्या सोजिरांनी पुण्याला हादरवलं होतं. बायकांची तपासणी बायकांनीच करावी ही मागणी तेव्हा सगळ्यांच्या तोंडी होती. मात्र ती बाई आपल्या घरातली असावी, असं कुणाला वाटत नव्हतं.

रमाबाईंनी ससूनमध्ये मुली पाठवायचं ठरवलं. सुरुवातीला हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्याच तयार झाल्या. मुलींसाठी संस्थेने इस्पितळाजवळ स्वतःचं वसतिगृह काढलं, जेवणखाण आपल्या रीतीचं ठेवलं, सोबत वडीलधारी बाई ठेवली. थोडक्यात, दिवसभर वॉर्डात सगळे विटाळ बाजूला ठेवायचे आणि संध्याकाळी ताटावर बसताना पुन्हा आपलं सोवळं सांभाळायचं, अशी ही व्यवस्था. हे ढोंग आहे असं म्हणता येईल, आणि त्या काळच्या कडव्या सुधारकांनी म्हटलंही असेल. पण या सोयीमुळेच मुली टिकल्या. पुढे डॉक्टरी आणि सुइणीच्या शिक्षणालाही संस्थेच्या मुली गेल्या. पगार मिळवणारी विधवा हा पुण्याच्या मध्यमवर्गात नवाच प्राणी होता. तिला घरात कोपरा मागावा लागत नव्हता. घरच तिच्या मनिऑर्डरची वाट पाहू लागलं.

वाड्याबाहेरची कामंही वाढली. रमाबाई येरवड्याच्या तुरुंगात स्त्री-कैद्यांना भेटायला जात, इस्पितळात रोग्यांना फळं, फुलं, पुस्तकं नेऊन देत. आषाढी-कार्तिकीला आळंदीच्या यात्रेत सेवासदनाच्या स्वयंसेविका गर्दीतल्या बायकांच्या मदतीला उभ्या राहत. हे शेवटचं काम मला विशेष वाटतं. पेठेतल्या ज्या बाईला एकटीने रस्त्यावर उभं राहायची सवय नाही, ती वारीच्या रेट्यात उभी राहून वाट दाखवते. पुढे मोर्च्यात चालायला लागणारे पाय इथेच तयार झाले असावेत.

या पद्धतीची किंमत कोणती, तेही सांगायला हवं. ‘आपल्या रीतीचं जेवण’ यातली ‘आपली रीत’ उच्चवर्णीयांची होती. सदनाचं दार कुणाला बंद नव्हतं. तरी वर्गात बसणाऱ्या बायका बहुतांशी ब्राह्मण आणि तत्सम घरांतल्याच असत. सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांनी मुलींची शाळा भिडे वाड्यात काढली ती १८४८ मध्ये, याच गावात, आणि शूद्रातिशूद्रांच्या मुलींना शिकवणं हा त्या कामाचा गाभा होता. साठ वर्षांनी निघालेल्या सेवासदनाने तो धागा उचलला नाही. कुणाला दुखवायचं नाही असं ठरवलं की जे आधीच बाहेर आहेत ते बाहेरच राहतात. मुंबईच्या संस्थापकांच्या मनातला सर्वधर्मीय भगिनीसंघही पुण्यात येईपर्यंत बराच पातळ झाला होता.

ही सावधपणाची सवय रमाबाईंनी एकदा मोडली, आणि तो प्रसंग संस्थेच्या सगळ्या इतिहासात मला सर्वांत मोलाचा वाटतो.

गोखल्यांनी १९११ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मध्यवर्ती विधिमंडळात मांडलं. पुढच्या वर्षी ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. त्या विधेयकातही सक्ती आधी मुलांना होती, मुलींची पाळी नंतर. विधेयक मांडण्याच्या आदल्याच वर्षी रमाबाईंच्या ‘आठवणीं’ना प्रस्तावना लिहिणारे गोखलेच ते. विरोधकांना बुजवायचं नाही म्हणून मुली मागे ठेवायच्या, ही नेमस्तांची नेहमीची रीत. १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यात कायदा झाला आणि नगरपालिकांना आपल्या हद्दीत सक्ती लागू करता येऊ लागली. पुण्यात लगेच प्रश्न उभा राहिला: सक्ती मुलग्यांपुरती, की मुलींनाही?

नगरपालिकेत टिळकपक्षाचा जोर होता. त्यांचं म्हणणं ऐकायला बिनतोड: तिजोरीत पैसा नाही, दोघांना एकदम शिकवायला गेलात तर कुणाचंच धड होणार नाही, म्हणून आधी मुलगे. स्त्रीशिक्षणाला आमचा विरोध नाही, हे पालुपद होतंच. बजेटच्या आडून बोलणारा विरोध सगळ्यांत अवघड असतो, कारण त्याला कुणी सनातनी म्हणू शकत नाही. मग आकड्यांशी आकड्यांनी लढावं लागतं, आणि आकडे नगरपालिकेच्या कपाटात असतात.

१९२० च्या सुरुवातीला या प्रश्नाने पुणं ढवळून निघालं. निराश्रित साहाय्यकारी मंडळी काढणारे विठ्ठल रामजी शिंदे मुलींच्या सक्तीसाठी हिरिरीने उतरले. किर्लोस्कर थिएटरातल्या सभेत खुद्द टिळकांना बोलणं अवघड झालं. आणि रमाबाई रानडे, ज्यांनी अकरा वर्षं कुणाची भीड मोडली नव्हती, त्या बायकांचा मोर्चा घेऊन पुण्याच्या रस्त्यावर आल्या. तेव्हा त्यांचं वय अठ्ठावन्न. कुणाकडे लेखी अर्ज घेऊन शिष्टमंडळ नेणं त्यांना नवीन नव्हतं, १८८४ पासून तेच चाललं होतं. पण गव्हर्नरापुढे अदबीने वाचलेला मजकूर वेगळा आणि आपल्याच गावच्या, आपल्याच जातीच्या, निवडून आलेल्या पुढाऱ्यांविरुद्ध रस्त्यात उतरणं वेगळं. मागणी या वेळी गोऱ्या साहेबाकडे नव्हती, आणि यातच या लढ्याचं वेगळेपण आहे. या भांडणात शिंद्यांसारख्या माणसांमुळे बहुजन वस्त्यांशी जो संबंध आला, तो सदनाच्या वर्गांतून कधी आला नव्हता.

टिळक त्याच वर्षी १ ऑगस्टला गेले. पैशाची सबब मात्र हयात राहिली, आणि मुलींची बाब मागे ठेवण्याकडेच कारभाऱ्यांचा कल राहिला.

तोवर दुसरं रण पेटलं होतं. १९१९ च्या सुधारणा कायद्याने स्त्रियांना मताचा हक्क द्यायचा की नाही, हा निर्णय प्रांतांच्या कौन्सिलांवर सोपवला. मद्रासने १९२१ मध्ये आधी होकार दिला, त्याच वर्षी मुंबईनेही. मुंबई इलाख्यात यासाठी सभा घेणाऱ्यांत रमाबाई पुढे होत्या. हा हक्क म्हणजे सर्व स्त्रियांना मत नव्हे. मालमत्ता किंवा कराची अट कायम होती, त्यामुळे मतदारयादीत येणाऱ्या बायका मूठभर. बाई आहे एवढ्याच कारणाने नाव गाळता येणार नाही, इतकं मात्र झालं. कौन्सिलात बसण्याची मुभा त्यानंतर पाच वर्षांनी आली.

रमाबाई १९२४ मध्ये वारल्या. देवधर १९३५ पर्यंत होते. शाखेला पुढे स्वतःच्या शाखा फुटल्या, त्यांत सोलापूरची एक. जानेवारी १९२७ मध्ये अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन पुण्यातच, फर्ग्युसन कॉलेजात भरलं. बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई अध्यक्षस्थानी होत्या. परिषद बोलावली होती शिक्षणाचा विचार करायला. पण मुलींची शाळा का सुटते याची चर्चा निघताच गाडी बालविवाहावर आली आणि संमतिवय वाढवण्याच्या बाजूने ठराव झाला. दोन वर्षांनी शारदा कायदा आला, आणि मुलीच्या लग्नाचं किमान वय १४ ठरलं.