मराठी शाळेतील इंग्रजी : शिडी की भिंत?

जरीपटक्याच्या बाजारात दहा मिनिटे उभे राहिले तरी चार भाषा कानांवर व डोळ्यांवर येतात. दुकानाचा शेठ नोकराशी हिंदीत बोलतो, घरच्या माणसाशी सिंधीत. गिऱ्हाईक मराठीत भाव करते आणि डोक्यावरच्या पाटीवर इंग्रजी अक्षरे झळकत असतात. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांनी ही वसाहत उभी केली; पलीकडे इंदोऱ्याकडे मराठी घरे आहेत. तेव्हा इथल्या मुलाला इंग्रजी ही 'दुसरी' भाषा क्वचितच असते. ती बहुधा तिसरी किंवा चौथीच असते. असे असूनही त्याचे पुढचे शिक्षण पुष्कळदा याच एका विषयाच्या पेपरावर अडते. ज्या घरात इंग्रजी बोलणारे कोणी नाही, त्या घरातील मुलाला आपली सरकारी व अनुदानित शाळा कोणता आधार देते आणि तो कोठे अपुरा पडतो, हे या लेखात पाहावयाचे आहे.

इंग्रजीला वाघिणीचे दूध म्हणण्याची आपल्याकडे जुनी पद्धत आहे. हे दूध मुलाला कोणत्या वयात पाजावे, याविषयी मात्र कधीच एकमत नव्हते. स्वातंत्र्यानंतर इंग्रजी पाचवीपासून की आठवीपासून, हा वाद बरीच वर्षे चालला. पुढे आपल्या राज्यात पाचवीपासून इंग्रजी शिकवले जाई. २००० सालापासून मराठी, हिंदी, उर्दू अशा सर्व माध्यमांच्या शाळांत ते पहिलीपासून सुरू झाले. गरिबाच्या मुलालाही ही भाषा लवकर मिळावी, हा त्यामागचा हेतू चांगलाच होता. पण प्राथमिक शाळेत एकच गुरुजी सर्व विषय शिकवतात आणि त्यांतील अनेकांचे स्वतःचे इंग्रजी पाचवीनंतर सुरू झालेले. ज्याला पोहणे जेमतेम येते त्यानेच पोहायला शिकवायचे, असा हा प्रकार झाला. म्हणून शिक्षकांसाठी प्रशिक्षणे निघाली. ब्रिटिश कौन्सिल व टाटा ट्रस्ट्स यांच्या साहाय्याने राज्यात झालेल्या 'तेजस' उपक्रमात शिक्षकांनी आपापल्या भागात गट करून एकत्र बसावे, एकमेकांकडून शिकावे, अशी योजना होती. कल्पना उत्तम, पण असे उपक्रम ठरावीक मुदतीचे असतात आणि मुले दरवर्षी नवी येतात.

दुसरा आधार पाठ्यपुस्तकाचा. १९६७ साली स्थापन झालेली 'बालभारती' इंग्रजीची दोन वेगळी पुस्तके काढते. इंग्रजी माध्यमाच्या मुलांना दहावीत 'इंग्लिश कुमारभारती', तर आपल्यासारख्यांना 'माय इंग्लिश कोर्सबुक'. परीक्षेतही दोघांचे पेपर वेगळे. ८० गुण लेखी, २० गुण तोंडी. ही सवलत नसून न्याय आहे, कारण एकाची ती शिकण्याची भाषा आहे आणि दुसऱ्याचा तो केवळ एक विषय आहे.

तिसरा मार्ग सेमी-इंग्रजीचा : गणित व विज्ञान इंग्रजीतून, बाकीचे विषय मराठीतून. मराठी शाळा टिकवण्यास या मार्गाने हातभार लावला, हे मान्य केले पाहिजे. मात्र ज्या वर्गात शिक्षक 'प्रकाशसंश्लेषण' म्हणजे काय हे आधी मराठीत समजावून मग 'फोटोसिंथेसिस' हा शब्द देतात, तेथेच तो फळतो. नुसता शब्द दिला तर मुलाला ना विज्ञान येते, ना इंग्रजी. अलीकडे, २०२१ पासून, नागपूर महानगरपालिकेनेही आकांक्षा फाउंडेशनच्या साहाय्याने इंग्रजी माध्यमाच्या शाळा उघडल्या आहेत. पण शाळेची पाटी बदलली म्हणून घरची भाषा बदलत नाही. अशा शाळेत तर आधाराची गरज अधिकच असते.

एवढे सारे करून फळ काय? 'असर'च्या ग्रामीण पाहणीत, देशातील पाचवीच्या मुलांपैकी साधी इंग्रजी वाक्ये वाचू शकणारी मुले २०१६ मध्ये २४.७ टक्के होती आणि २०२२ मध्ये २४.५ टक्के. म्हणजे सहा वर्षांत गाडी जागची हलली नाही. १४ ते १८ वयाच्या मुलांची २०२३ ची पाहणी तर आणखी बोलकी आहे. त्यात ५७.३ टक्के मुलांना इंग्रजी वाक्ये वाचता आली. पण वाचणाऱ्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश मुलांना त्यांचा अर्थ सांगता आला नाही. हे वाचून मला नवल वाटले नाही. आम्ही इंग्रजी ओळीच्या वर पेन्सिलीने देवनागरीत उच्चार लिहून घेत असू आणि तो घडाघडा वाचत असू. याला वाचन म्हणावे की पोपटपंची?

खरा खड्डा अकरावीत येतो. दहावीपर्यंत दोन पुस्तके, दोन पेपर. अकरावीत मात्र सर्वांच्या हाती एकच 'इंग्लिश युवकभारती' पडते. बारावीला पेपरही एकच. दहा वर्षे इंग्रजीतून शिकलेला मुलगा आणि दहा वर्षे इंग्रजी 'विषय' घेतलेला मुलगा एका बाकावर बसतात आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत हे अंतर आपोआप भरून निघाले, असे समजले जाते! अकरावीच्या पहिल्या आठवड्यात मॅडमनी मला धड्यावर प्रश्न विचारला. गोष्ट मला ठाऊक होती, उत्तरही ठाऊक होते, पण मराठीत. मी गप्प. त्या म्हणाल्या, "व्हाय आर यू सायलेंट?" मी घाईने म्हणालो, "येस मॅडम." वर्ग हसला. त्या दिवसापासून मी शेवटचा बाक धरला तो वर्षभर सोडला नाही. मी कसाबसा तरलो. आमच्या वर्गातील एक मुलगी अर्थशास्त्रात माझ्या कितीतरी पुढे होती. ती बारावीला एकट्या इंग्रजीत राहिली. घरच्यांनी "पुरे झालं आता शिक्षण" म्हणून तिला शिवणकामाला बसवले. तिच्याजवळ बुद्धी होती. तिला मिळाला नाही तो दोन पुस्तकांमधला पूल.

अमेरिकेत हाच प्रश्न न्यायालयात गेला होता. सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी शाळांत सुमारे १,८०० चिनी भाषक मुलांना इंग्रजी येत नसूनही जादा शिकवणी मिळत नव्हती. सर्वांना तीच पुस्तके, तेच शिक्षक दिले म्हणजे समानता झाली, असा युक्तिवाद झाला. १९७४ साली 'लाउ विरुद्ध निकोल्स' या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला : ज्याला शिकवण्याची भाषाच कळत नाही, त्याला तेच पुस्तक देणे ही समान वागणूक नव्हे. तेथील शाळांत अशा मुलांसाठी कोठे स्वतंत्र तास असतो, कोठे वर्गातच दुसरा शिक्षक मदतीला बसतो, तर कोठे मातृभाषेतूनही काही विषय शिकवतात. कॅनडातील अभ्यासक जिम कमिन्स यांनी बोलण्याची भाषा आणि अभ्यासाची भाषा यांत भेद केला आहे. पहिली दोनेक वर्षांत येते. दुसरीला पाच वा अधिक वर्षे लागतात, आणि तीही चोहोकडे इंग्रजी कानांवर पडत असताना. आपल्या मुलाला दिवसाकाठी एक तास मिळतो. त्या तासातही बहुधा शिक्षकच बोलतात.

आपल्याकडेही वाट दाखवणारे झाले आहेत. १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू यांनी बंगलोर प्रकल्पात दक्षिणेतील साध्या शाळांमध्ये व्याकरण घोकून न घेता मुलांना कामे दिली. रेल्वेचे वेळापत्रक पाहून गाडी शोधा, नकाशा पाहून रस्ता सांगा. अर्थ लावता लावता भाषा येते, ही त्यामागची श्रद्धा. त्यासाठी यंत्रे लागत नाहीत. जरीपटक्याचा नकाशा फळ्यावर काढला तरी एक तास रंगेल.

म्हणून माझी मागणी छोटी आहे. कोरोनाच्या टाळेबंदीत मागे पडलेल्या मुलांसाठी आपल्याच राज्याने २०२१ साली ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम चालवला. मग मराठी व हिंदी माध्यमातून अकरावीत येणाऱ्यांसाठी इंग्रजीचा असा सेतू का असू नये? त्यात धडा आधी मातृभाषेत समजू द्यावा, चूक झाली तरी बोलू द्यावे, आणि हसणाऱ्याला शिक्षकांनी थांबवावे. मातृभाषा ही इंग्रजीची वैरीण नाही, तीच शिडीची पहिली पायरी आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानेही शक्य तेथवर मातृभाषेतूनच शिकवावे, असे म्हटले आहे.

शासन करील तेव्हा करील. दरम्यान आपणही काही करू शकतो. माझा धाकटा भाऊ यंदा दहावीत आहे. त्याच्या पुस्तकातही ओळींवर पेन्सिलीची देवनागरी अक्षरे आहेत. रात्री जेवणे झाली की मी त्याला धडा आधी मराठीत सांगायला लावतो, मग मोडक्यातोडक्या इंग्रजीत. तो चुकतो, मीही चुकतो. आई भांडी घासता घासता ऐकत असते. तिला एक अक्षर कळत नाही. परवा मात्र ती म्हणाली, "आज तो तुझ्यापेक्षा जास्त बोलला बरं का."