वेबकॅम रुसलाय? फॉरमॅट मारायच्या आधी हे बघा!

विहिरीवरची मोटर सुरू झाली नाही, तर राहुरीच्या पंचक्रोशीतला शेतकरी लगेच मोटर वर काढायला माणसं गोळा करत नाही. आधी लाईट आहे का बघतो. मग तिन्ही फेज आहेत का, फ्यूज उडालाय का, स्टार्टर धरतोय का, केबल कुठे उंदरानं कुरतडलीय का. सोपं आणि फुकटचं ते आधी, अवघड आणि खर्चाचं ते शेवटी. हे शहाणपण आपल्याकडे घरोघरी आहे. कॉम्प्युटरसमोर बसलं की मात्र आपण ते विसरतो.

डेस्कटॉपचा वेबकॅम बंद पडला की मित्रांचे सल्ले सुरू होतात. ‘फॉरमॅट मार’, ‘विंडोज परत टाक’, ‘जाऊ दे, नवाच घे.’ फॉरमॅटमध्ये प्रोजेक्टचा डेटा जातो आणि कॅमेऱ्यावर सरकलेलं छोटंसं झाकण मात्र तसंच राहतं!

हसू येतं, पण प्रकरण हसण्यावारी नेण्यासारखं नाही. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाने २०२१ मध्ये ऑनलाइन परीक्षा ‘प्रॉक्टर्ड’ पद्धतीने घेतल्या. म्हणजे पेपर सोडवताना समोरच्या कॅमेऱ्याची तुमच्यावर नजर. पुणे, नाशिक आणि नगर जिल्ह्यांतल्या कॉलेजच्या मुलांना तेव्हा पहिल्यांदा कळलं, की कॅमेरा हे आता हॉल तिकिटासारखं झालंय. परीक्षा पुन्हा वर्गात आल्या, पण इंटर्नशिपची पहिली फेरी, स्कॉलरशिपची मुलाखत, कंपनीचा इंटरव्ह्यू यातलं बरंच काही स्क्रीनवरच राहिलं. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं कार्यक्षेत्र दहा जिल्ह्यांचं. इथे शिकणाऱ्या मुलामुलींना मुंबई-पुण्यातल्या कंपनीसमोर बसायचं, तर एसटीचं तिकीट आणि एक अख्खा दिवस वाचवणारी वस्तू म्हणजे हा वेबकॅम. तो ऐनवेळी काळा पडला, तर तुमची तयारी कितीही झकास असू दे, समोरच्याला दिसणारच नाही.

म्हणून दोन नियम लक्षात ठेवा. एक, बाहेरून आत जायचं. दोन, एका वेळी एकच बदल करायचा आणि लगेच टेस्ट घ्यायची. चार गोष्टी एकदम केल्या तर कॅमेरा सुरू होईलही, पण कशामुळे झाला ते कळणार नाही. पुढच्या वेळी परत पहिल्यापासून सुरुवात.

आधी डोळ्यांनी, मग माऊसने

चित्र काळं दिसतंय, पण कॅमेऱ्याचा छोटा दिवा लागलाय? मग कॅमेरा जिवंत आहे. झाकण सरकलंय का, लेन्सवर धूळ किंवा कुणी चिकटवलेली टेप आहे का, ते बघा. दिवा लागत नसेल तरी घाई नको. बहुतेक वेबकॅमचा दिवा कॅमेरा वापरात असतानाच लागतो, नुसती वायर जोडली म्हणून नाही.

आता वायर. ती काढा, दहा सेकंद थांबा, परत लावा. स्पीकर चालू असेल तर विंडोज ‘टुंग’ असा आवाज करतं. तो आला म्हणजे कॉम्प्युटरला काहीतरी जोडलं गेल्याचं कळलंय. नाही आला, तर पोर्ट बदला. सीपीयूच्या पुढचे यूएसबी पोर्ट आतल्या एका वायरने मदरबोर्डला जोडलेले असतात. असेम्बल केलेल्या मशिनमध्ये ही वायर ढिली असण्याची शक्यता असते. मागचे पोर्ट थेट मदरबोर्डवर असतात, म्हणून कॅमेरा मागे लावून बघा.

मध्ये यूएसबी हब किंवा लांब एक्स्टेन्शन असेल, तर ते काढून टाका. यूएसबी २.० च्या एका पोर्टमधून नियमाप्रमाणे ५०० मिलिअँपिअर करंट मिळतो. स्वतःचा अडॅप्टर नसलेल्या हबवर पेन ड्राइव्ह, कीबोर्ड आणि कॅमेरा असे तिघं लावले, तर एवढ्याच करंटमध्ये सगळ्यांना भागवावं लागतं. केबलची मर्यादाही पाच मीटरची आहे. त्यापुढे कॅमेरा मध्येच तुटतो, परत जोडला जातो आणि आपण नेटला शिव्या देतो.

एक टेस्ट, अर्धं काम

आता विंडोजमधलं ‘कॅमेरा’ ॲप उघडा. ही टेस्ट सगळ्यात महत्त्वाची. इथे तुमचा चेहरा दिसला, तर कॅमेरा, वायर, पोर्ट, ड्रायव्हर सगळं ठीक आहे. गडबड मीटिंगच्या ॲपमध्ये किंवा ब्राउझरमध्ये आहे. इथेही दिसला नाही, तर मीटिंगच्या ॲपला हातही लावू नका, दोष त्याच्या खाली आहे. बघा, एका मिनिटात शोध निम्म्यावर आला.

ॲपने एरर दाखवली तर ती बंद करू नका, वाचा. कोडच्या शेवटी ४२४४ असेल, तर विंडोजला कॅमेराच सापडत नाहीये. परत वायर, पोर्ट आणि ड्रायव्हरकडे चला. शेवटी ४२४३ असेल, तर कॅमेरा आहे, पण दुसऱ्या कुठल्या तरी ॲपने तो अडवून ठेवलाय. मागे चालू राहिलेलं मीटिंगचं ॲप किंवा ब्राउझरचा विसरलेला टॅब बंद करा. सापडत नसेल तर मशीन रीस्टार्ट करा.

परवानगी कुणी काढून घेतली?

विंडोज ११ मध्ये सेटिंग्जमधल्या ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’त जाऊन ‘कॅमेरा’ उघडा. तिथे एकच नाही, अनेक बटणं आहेत. पूर्ण मशिनसाठी एक, ॲप्ससाठी एक आणि खाली डेस्कटॉप ॲप्ससाठी वेगळं. ब्राउझर या शेवटच्या गटात येतो. त्यामुळे वरची दोन चालू आणि खालचं बंद असेल, तर ‘कॅमेरा’ ॲपमध्ये चित्र दिसतं आणि मीटिंगमध्ये नाही!

ब्राउझरची परवानगी आणखी वेगळी. ॲड्रेस बारच्या डाव्या टोकाच्या चिन्हावर क्लिक करा आणि त्या साइटला कॅमेरा ‘अलाउ’ आहे का बघा. कधीतरी घाईत ‘ब्लॉक’ दाबलेलं असतं आणि ब्राउझर ते विसरत नाही. काही अँटिव्हायरसही वेबकॅमला कुलूप लावतात. त्याच्या सेटिंगमध्येही एकदा डोकावा.

ड्रायव्हरचा नंबर सगळ्यात शेवटी

स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडा आणि ‘कॅमेराज’ किंवा ‘इमेजिंग डिव्हाइसेस’मध्ये बघा. नावाजवळ खाली तोंड केलेला बाण असेल, तर कॅमेरा बंद करून ठेवलाय. राइट क्लिक करून ‘एनेबल’ करा. पिवळा त्रिकोण असेल, तर ड्रायव्हरची तक्रार आहे. ‘अनइन्स्टॉल डिव्हाइस’ करा, वायर काढून परत लावा. विंडोज स्वतःच ड्रायव्हर टाकायचा प्रयत्न करतं.

दर वेळी चूक आपलीच असते असंही नाही. विंडोज १० चं ‘ॲनिव्हर्सरी अपडेट’ ऑगस्ट २०१६ मध्ये आलं आणि जगभर अनेकांचे धडधाकट वेबकॅम थिजायला लागले. बरेच कॅमेरे चित्र एमजेपेग किंवा एच.२६४ पद्धतीने दाबून, लहान करून पाठवायचे. एकाच वेळी अनेक ॲप्सना कॅमेरा वापरता यावा म्हणून मायक्रोसॉफ्टने ॲप्सना हे दाबलेलं चित्र थेट मिळणं बंद केलं. गोंधळ झाल्यावर दुरुस्तीचं अपडेट द्यावं लागलं. तेव्हा ज्यांनी नवे कॅमेरे आणले, तेही थिजू शकत होते. त्यामुळे कॅमेरा ‘काल चालत होता, आज नाही’ असं झालं, तर मधे कुठलं अपडेट आलं ते आधी तपासा.

इथे मात्र सावध!

घाबरलेला माणूस गुगलवर ‘कस्टमर केअर नंबर’ शोधतो आणि पहिला दिसेल तो फिरवतो. पलीकडचा गोड आवाजात म्हणतो, ‘हे ॲप टाका, मी इथूनच नीट करून देतो.’ स्क्रीनचा ताबा अनोळखी माणसाला देणं म्हणजे घराची किल्ली देणं. कॅमेरा राहिला बाजूला, बँकेचं खातं रिकामं व्हायचं. ड्रायव्हर फुकटात ‘अपडेट’ करून देणारी सॉफ्टवेअरही नकोत. नंबर घ्यायचा तर कंपनीच्या अधिकृत साइटवरूनच. पैसे गेलेच, तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा.

आदल्या रात्रीचा अर्धा तास

इंटरव्ह्यूच्या आदल्या दिवशी, त्याच खुर्चीत, त्याच ब्राउझरमध्ये, त्याच ॲपवर मित्राला पाच मिनिटांचा कॉल लावा. विंडोजची अपडेट्स तेव्हाच उरकून घ्या. मोबाइलवर तेच ॲप टाकून लॉगिन करून ठेवा, फोन चार्ज करा आणि टेकवायला पुस्तकांची चळत तयार ठेवा. परीक्षा असेल, तर मोबाइल चालतो का हे नियमांमध्ये आधीच वाचा. ऐनवेळी काही झालंच, तर एररचा वेळेसकट फोटो काढा आणि दिलेल्या पत्त्यावर लगेच मेल करा. तासाभराने सांगितलेल्या कारणापेक्षा त्याच मिनिटाला पाठवलेल्या फोटोवर लोक लवकर विश्वास ठेवतात.

एवढं करूनही कॅमेरा सुरू झाला नाही, तर तो मित्राच्या मशिनवर लावून बघा. तिथेही मुका राहिला, तर कॅमेरा गेला, नवा घ्या. तिथे चालला, तर कॅमेरा चांगला आहे, तुमचं मशीन दुकानात न्या. पण दुकानात गेल्यावर ‘कॅमेरा चालत नाही’ एवढंच म्हणू नका. ‘मागच्या पोर्टवरही कॅमेरा सापडत नाही, परवानग्या चालू आहेत, मित्राच्या मशिनवर मात्र चालतो’ असं सांगा. असं सांगणाऱ्या गिऱ्हाइकाच्या गळ्यात नको असलेला नवा कॅमेरा सहसा कुणी बांधत नाही.